सोलापुरात राहून जर्मन कंपनीचं काम: जुळे सोलापूर, सैफुल का होटगी रोड?

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी. बायकोला सोलापुरात कॉलेजवर नोकरी लागलीय, जूनमध्ये हजर व्हायचंय. मी एका जर्मन कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम घरूनच करतो, म्हणजे पगारी नोकरी नाही, कंत्राटावर, महिन्याला बिल पाठवायचं आणि ते युरोत पैसे पाठवतात. त्यामुळे मला हिंजवडी काय नि सोलापूर काय, सारखंच, असं मी त्यांना सांगून बसलोय. पण आम्ही दोघंही नाशिकचे, सोलापूर म्हणजे चादर आणि सिद्धेश्वर एक्सप्रेस, पुढं माहिती शून्य. जाहिरातींत जुळे सोलापूरला टू बीएचके दहा-बारा हजारांच्या आसपास दिसतंय, पुण्यात वाकडला आम्ही जवळजवळ तिप्पट मोजतोय, त्यामुळे बायको म्हणते काहीतरी गडबड असणार. इंटरनेट कसंय, लाइट जाते का, कुठल्या भागात घर बघू? एक खोली दार लावून बसता येईल अशी पाहिजे, मुलगी चार वर्षांची आहे.

मालदांडी:
या की मालक. बायकोच्या नोकरीमागं नवरा येऊलालाय, आमच्याकडं उलटं असतंय, बरं वाटलं वाचून.
नेटचं टेन्शन घेऊ नका. विजापूर रोड, सैफुल, जुळे सोलापूर, होटगी रोड, सगळीकडं फायबर आहे. मोठ्या कंपन्यांचं पण मिळतं आणि गल्लीतल्या केबलवाल्याचं पण. मी दोन्ही ठेवतो, कारण रस्ता खोदला की एकजण तरी मरतोच, आणि केबलवाला काय, फोन केला की रविवारी पण शिडी घेऊन दारात. भाग विचाराल तर डोळे झाकून जुळे सोलापूर.

विमानतळाची_चिमणी:
होटगी रोड बघा. तिथल्या विमानतळावरून आता विमान पण चालू झालंय, २०२५ च्या जूनपासून गोवा आणि ऑक्टोबरपासून मुंबई. विमानांना आडवी येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली तेव्हा गावात दोन तट पडले होते, माझं नाव त्यावरूनच आहे, कुठला तट ते विचारू नका. जर्मनीला जायचं झालं तर विमानतळ उपयोगी पडेल.

मालदांडी:
@विमानतळाची_चिमणी वर्षातून एकदा जर्मनीला जाणार माणूस, त्यासाठी रनवेशेजारी घर घ्यायचं होय? काय पण सांगतो बे.

कडक_भाकरी:
नेट, विमान, सगळं झालं, पाण्याचं कुणी का बोलेना?
गोदाकाठचा, तुम्ही नाशिकचे, गंगापूर धरण उशाशी, त्यामुळं तुम्हाला हे विचारायचं सुचलंच नसणार. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. तीन दिवसाआड, चार दिवसाआड, आणि उन्हाळ्यात मध्येच कुठं पाइप फुटला की अजून पुढं. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं, आणि आमच्या बाजूला भीमेवरच्या टाकळीहून सोरेगावच्या केंद्रात येऊन मग टाक्यांत चढतं. वाटेत कुठं वीज गेली, पंप बसला, की त्या दिवशीच्या सगळ्यांची पाळी पुढं सरकली. धरण भरलं म्हणून पेपरात फोटो येतो तेव्हा पण आमची पाळी तीच, कारण धरणात असणं वेगळं आणि गावातल्या टाकीत चढून गल्लीतल्या पाइपातून उतरणं वेगळं.
म्हणून घर बघायला जाल तेव्हा हॉल केवढा अन् किचनला ट्रॉल्या आहेत का ते नंतर. आधी खालचा हौद बघा, झाकण उघडायला लावून बघा. किती लिटरचा, तुमचा एकट्याचा का चार भाडेकरूंचा, मोटर कोण लावतं, पाणी रात्री येतं का दिवसा, बोअर आहे का आणि मे महिन्यात बोअरला पाणी असतं का. हा शेवटचा प्रश्न मालकाला विचारू नका, समोरच्या घरातल्या बाईला विचारा.
आणि बोअरचं पाणी जड असतं. गीझरची कॉइल, मशीनचा ड्रम, नळाची तोटी, सगळ्यावर पांढरा थर. प्यायला जार नाहीतर आरओ.

गोदाकाठचा:
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे मीटिंग सोडून पाणी भरायला जायचं?

कडक_भाकरी:
सोडायची कशाला, मोटरपाशी उभं राहून घ्यायची. माझे मिस्टर म्यूट करून घेतात. हौद मोठा असला तर एकदा मोटर लावली की झालं, लहान असला तर सगळं घर कळशा-बादल्या घेऊन पळतंय. दोन हजार भाडं जास्त द्या पण हौदाचं घर घ्या.

टेरी_टॉवेल:
माझं पण काम युरोपचंच आहे म्हणून वेळेचं सांगतो. जर्मनीचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड, मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढं जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो बरोब्बर तेव्हा तुम्ही खुर्चीत बसणार, आणि उठणार रात्री साडेनऊला. अमेरिकेचं काम करणारे निदान रात्री गारव्यात बसतात, आपल्याला ती पण सोय नाही.
आणि स्वस्तात मिळणारं घर म्हणजे बहुतेक वेळा वरचा मजला. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री एक-दीडपर्यंत खोलीत ओततो. गच्चीला पांढरा रंग मारून घेतला तर फरक पडतो, पण वरचा तो वरचाच. कूलर लावाल तर तो पाणी पितो, आणि पाणी कधी येतं ते ताईंनी वर सांगितलंच आहे. मे महिन्यात पाण्याची पाळी चुकली की आमच्याकडं भांडण एकाच गोष्टीवर, टाकीतलं उरलेलं पाणी कूलरला का आंघोळीला. एसी घ्या मग, पण इन्व्हर्टरवर तो चालत नाही, आणि वळीव यायच्या आधी जे वारं सुटतं त्यात फांदी पडून तारा तुटल्या की तास-दोन तास पंखा आणि राउटर एवढंच. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर घ्या. पहाटे पाच ते सकाळी अकरा हा वेळ मात्र राजासारखा, संभाजी तलावाला चक्कर मारा, मंडई करा, मुलीला शाळेत सोडा. पुण्यात मला हे सकाळचे तास कधी मिळालेच नव्हते, तिथं ते रस्त्यावर जायचे.

पूर्व_भागातला:
सगळं वाचलं. एक विचारू का, राग नका मानू. दहा-बारा हजार भाडं तुम्हाला इतकं कमी वाटतंय की गडबड असणार वाटतंय. आमच्याकडं मागाच्या कारखान्यात बारा तास खटखट ऐकणाऱ्याला ते घर परवडत नाही. तुमचं स्वस्त ते आमचं महाग आहे. आणि घरून काम म्हणाल तर ते सोलापुरात काय नवीन नाही. कुंभारीला विडी घरकुलात, रे नगरात, आमच्या पूर्व भागात, हजारो बायका उंबऱ्यात सूप घेऊन बसतात आणि विड्या वळतात. पान कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, मोजून कारखान्यात द्यायचं, खराब म्हणून बाजूला काढलेल्याचे पैसे नाही. त्याला कुणी वर्क फ्रॉम होम म्हणालं नाही आजपर्यंत. तुम्ही या, आनंदच आहे, फक्त घरमालकानं बारा म्हटल्यावर "एवढंच?" असा चेहरा करू नका, पुढच्या वर्षी तो पंधरा म्हणतो आणि ते शेजारच्या मास्तराला पण लागतात.

विमानतळाची_चिमणी:
@पूर्व_भागातला चारदोन लॅपटॉपवाले आल्यानं भाडं वाढत नाही हो. कॉलेजं, हॉस्पिटलं, बँकांच्या बदल्या, त्यानं वाढतं. उलट ह्या लोकांचा पैसा बाहेरून येतो आणि इथं खर्च होतो.

पूर्व_भागातला:
कुठं खर्च होतो? ऑनलाइन मागवण्यात. टॉवेल तरी चाटी गल्लीतून घेतात का विचारा.

गोदाकाठचा:
@पूर्व_भागातला राग कशाचा, बरोबर बोललात. चेहऱ्याचं लक्षात ठेवतो. टॉवेल-चादरी तिथूनच घेईन.

पेन्शनर_जुळे_सोलापूर:
मी घरमालक आहे, तेव्हा त्या बाजूचं पण लिहून ठेवतो. भाडं कमी का, ह्याचं खरं उत्तर माझ्या गल्लीत उभं राहिलं की मिळेल. बहुतेक बंगल्यांचा वरचा मजला मुलासाठी बांधलेला आहे. वेगळा जिना, वेगळं स्वयंपाकघर, सूनबाईंना मोकळीक पाहिजे म्हणून. मुलगा पुण्यात, नाहीतर हैदराबाद नाहीतर तुमच्यासारखा आणखी कुठं. रविवारी संध्याकाळी स्टेशनवर जा, सोडायला आलेले आईबाप किती आणि चढणारी पोरं किती बघा. तर तो मजला रिकामा राहतो आणि आम्ही तो भाड्यानं देतो. पेन्शन आहे, भाड्यावर आमची चूल नाही. वर कुणाचा तरी पाय वाजला पाहिजे एवढ्यासाठी देतो, म्हणून माणूस बघून देतो आणि भाडं ताणत नाही.
पण मग उरलेलं दुसऱ्या रस्त्यानं वसूल होतं, हे मी लपवत नाही. मोटर तुम्हीच लावायची कारण माझे गुडघे गेलेत. लाइटचं बिल मोबाइलवर भरून द्यायचं. नातवाशी व्हिडिओ कॉल लागला नाही की वर हाक. रात्री छातीत दुखलं तर गाडी तुमचीच. तुम्ही दिवसभर घरात असणार म्हटल्यावर तर हे जास्तच होणार. ज्याला नको असेल त्यानं अपार्टमेंट बघावं, तिथं भाडं जास्त आहे आणि कुणी हाक मारत नाही.

कडक_भाकरी:
काका, तुमचा वरचा मजला रिकामा आहे का आत्ता?

पेन्शनर_जुळे_सोलापूर:
नाही. बँकेतल्या एका मुलीला दिलाय. दोन घास जास्तीचे केले की हिला पण बरं वाटतं.

परत_आलेली:
आम्ही युरोपातून परत येऊन सैफुलला राहतोय, नवरा तिकडचाच आहे, त्यामुळे थोडं वेगळं सांगते. नवरा परदेशी पासपोर्टवर असेल तर घरमालकाला तो राहायला आल्यापासून २४ तासांत परदेशी माणूस राहायला आल्याचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. हे बऱ्याच मालकांना माहीत नसतं आणि पोलिसांचं नाव काढलं की घाबरतात. आम्ही शेजारी बसून भरून दिला, मग सासऱ्यांसारखे वागायला लागले. लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली की ओसीआयला, म्हणजे व्हिसाशिवाय इथं राहता येतं त्या कार्डाला, अर्ज करता येतो, ते आधीच डोक्यात ठेवा म्हणजे व्हिसाची धावपळ कमी. गोदाकाठचा यांना हे लागू नाही पण पुढं कुणी वाचेल.
आता त्यांना लागू असलेलं. गल्लीत नवऱ्याबद्दल पहिले कित्येक महिने एकच प्रश्न होता, "जावई काय करतात?" कॉम्प्युटरवर काम करतात म्हटलं की "हो, पण जातात कुठं?" बनियनवर गॅलरीत फोनवर बोलणारा, दुपारी भाजी आणणारा, बायको स्कूटरवर कामाला जाणारी, म्हणजे गडी रिकामा असणार. एका आजींनी तर एमआयडीसीत ओळख आहे, सांगू का असं पण विचारलं. शेवटी त्याला सकाळी शर्ट घालून एक फेरी मारायला लावली, तेव्हापासून कुणी विचारत नाही.

टेरी_टॉवेल:
शर्टाची आयडिया भारी आहे वहिनी 😂 मला लग्न ठरवताना उपयोगी पडली असती, मुलीकडचे म्हणले ऑफिस दाखवा.

सातरस्ता_सीए:
पैशाचं थोडक्यात, कारण हेच लोक मार्चमध्ये पळत येतात. गोदाकाठचा, तुम्ही पगारदार नाही, सेवा निर्यात करणारे आहात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, पण निर्यातीवर कर शून्य, त्यासाठी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दरवर्षी नवीन भरायचा, एकदा भरला की कायमचा असं समजू नका. पैसे आल्याचे बँकेचे कागद जपून ठेवा. अंदाजे उत्पन्नाच्या योजनेत बसत असाल तर निम्मी उलाढाल उत्पन्न धरून कर भरता येतो, रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, आणि आगाऊ कर १५ मार्चला एकदम.
भाडेकरार नोंदवूनच करा, सोलापुरात अजून बरेच जण नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवतात. नोंदणी ही कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे, ऑनलाइन होते. करार वहिनींच्या नावावर करा आणि भाडं त्यांच्या खात्यातून जाऊ द्या. त्या जुन्या करपद्धतीत असतील तर घरभाडे भत्त्याची सूट मिळेल, तुम्हाला ती मिळणारच नाही.

गोदाकाठचा:
सीए साहेब, हे सोन्यासारखं. मी एलयूटी एकदाच भरायचा समजत होतो.

हुरडा_पार्टी:
सगळे घरात कोंडून बोलूलालेत, जरा बाहेरचं सांगतो. मुलीला पाटी-पुस्तकाच्या आधी तीन भाषा येतील, आमच्या सोसायटीत खाली मराठी, दुसऱ्या मजल्यावर तेलुगू, शेजारी कन्नड, पोरं भांडताना तिन्ही वापरतात. शेंगा चटणी, कडक भाकरी, दही, ह्यावर आठवडा काढता येतो, हुरडा थंडीत. सुट्टीला तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर सगळं दोन तासांच्या आत. पुण्याला जायचं तर सकाळची हुतात्मा, मुंबईला वंदे भारत, ती १० फेब्रुवारी २०२३ पासून चालू झाल्यापासून बरं झालंय. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा लागला की संध्याकाळी होम मैदानाकडं गाडी घेऊन जाऊ नका, चालत जा, आणि काठ्यांच्या, म्हणजे नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी मीटिंगच ठेवू नका, मी तर सरळ सुट्टी टाकतो.
आवाजाचं म्हणाल तर मिरवणुका पेठांत असतात, बाहेरच्या भागात शांत. पण मंगल कार्यालयाला लागून घर घेऊ नका. लग्नसराईत तुमच्या जर्मन साहेबाला सगळी गाणी पाठ होतील.

मालदांडी:
अहो पण एक राहिलंच की. वहिनींचं कॉलेज कुठल्या बाजूला आहे?

गोदाकाठचा:
केगावच्या बाजूला, विद्यापीठाच्या पुढे.

मालदांडी:
हे आधी सांगायचं नाही होय मालक! केगाव पुणे रोडला, आणि आम्ही तुम्हाला विजापूर रोडला बसवूलालो. गावाचं एक टोक अन् दुसरं टोक. वहिनींनी रोज सगळं गाव ओलांडून जायचं, का तर तुम्हाला फायबर पाहिजे. बाळे बघा, तिथून पाच-दहा मिनिटं.

कडक_भाकरी:
बाळ्याचं बरोबर आहे पण मुलीची शाळा, दवाखाने, क्लास हे जास्त विजापूर रोडच्या बाजूला. घरी कोण असणार? नवरा. म्हणजे दुपारी शाळेतून आणायला पण तोच जाणार, तो पण नेमका साडेबाराच्या मीटिंगला. मग घर शाळेजवळ का कॉलेजजवळ ते तुम्ही दोघं बसून ठरवा, इथल्या लोकांना विचारू नका.

पेन्शनर_जुळे_सोलापूर:
सिटी बसच्या भरवशावर काही ठरवू नका. दोन दुचाक्या धरून चाला.
आणि बाळे, शेळगी, कुठंही बघितलंत तरी ओढ्याच्या कडेची जागा टाळा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा पुणे रस्ता बंद पडला होता. पावसात नाला कुठून वाहतो ते गल्लीत विचारून घ्या. उन्हाळ्यात घर बघताना तो नाला दिसत नाही, त्यावर क्रिकेट चालू असतं.

गोदाकाठचा:
मंडळी, दोघं येऊन घरं बघून गेलो. हौदाचं झाकण उघडा म्हटल्यावर एका मालकांनी आमच्याकडं असं बघितलं की आम्ही बँकेकडून जप्तीलाच आलोय. जुळे सोलापूरला दोन चांगली होती, दोन्ही वरच्या मजल्याची, दुपारी गेलो आणि टेरी टॉवेल काय म्हणत होते ते जिना चढतानाच कळलं. बाळ्याला खंडोबाच्या देवळापासून थोडं आत एक तळमजला मिळालाय, हौद स्वतंत्र, बोअर आहे, समोरच्या मावशींच्या म्हणण्याप्रमाणे मेमध्ये निम्मं चालतं. भाडं जुळे सोलापूरपेक्षा थोडं कमीच, मी चेहरा केला नाही. खोली एक उत्तरेची आहे, ती माझी. मालक वर राहतात, आजी-आजोबा दोघंच, मुलगा बेंगळुरूला. आजींनी चहा देतानाच विचारलं, तुम्हाला मोबाइलमधलं येतं का. मुलीची शाळा जवळच बघतोय, सुटायची वेळ बाराच्या आत असेल अशी.
एकच अडचण, पाणी संध्याकाळी येतं म्हणाले आणि माझी टीमची मोठी मीटिंग दर मंगळवारी संध्याकाळी असते. ती बुधवारी करायला सांगू का?

कडक_भाकरी:
पाण्याला वार नसतो हो. चार दिवसाआड म्हणजे दर खेपेला वार सरकतो, ह्या वेळी मंगळवार, पुढच्या वेळी रविवार, मध्ये काही बिघडलं की सोमवार. मीटिंग हलवून काही होणार नाही. हौदाला फ्लोट बसवून घ्या, भरला की नळाचं पाणी आपोआप बंद होतं, मग वरच्या टाकीची मोटर मीटिंग संपल्यावर लावली तरी चालतं. प्लंबर अशोक चौकाकडून आणू नका, बाळ्यातलाच बघा, लगेच येतो.

मालदांडी:
आणि चावीवाल्याचा नंबर आजोबांकडून घेऊन ठेवा. पाणी आज सोडणार का उद्या, ते त्यालाच माहीत असतंय. फोन करताना "दादा, आज आपली पाळी हाय का" एवढंच विचारा, जर्मन कंपनी वगैरे सांगत बसू नका.